खिडकी किती उंचावर?

मंडळी, पत्रिकेत 'आधुनिक बंदिगृहाची वास्तुरचना' असा विषय छापला आहे. तिकडे येतोच, पण आधी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात जाऊ. २०१८ साली विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाचा खटला लंडनच्या कोर्टात चालू होता. भारताच्या बाजूने, मल्ल्यांना जिथे ठेवायचं होतं त्या बराक क्रमांक १२चे फोटो दिले गेले. न्यायाधीशबाईंचं समाधान होईना. आत दिवसाचा उजेड येतो का, ते दिसेल असा व्हिडिओ त्यांनी मागवला. मुंबईतल्या खिडकीवर लंडनमध्ये वाद! मला तो प्रश्न फार आवडला. दुःख एवढंच, की त्याच आवारातल्या बाकीच्या बराकींबद्दल तो कोणी विचारला नाही. तिथे तेव्हा मंजूर क्षमता ८०४ होती आणि आत त्याच्या कितीतरी पट माणसं.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. कच्च्या कैद्यांसाठीच्या एका इमारतीचा आराखडा माझ्याकडे होता. खिडकीचं सिल, म्हणजे खालची कड, मी जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवलं होतं. खाटेवर बसलेल्याला बाहेरचं झाड दिसावं, एवढाच हेतू. बैठकीत साहेबांनी सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशावर, लाल पेनने रेघ ओढली, "सात फूट करा." मी म्हटलं, गज जाड करू, काच टफन, सहज न फुटणारी घालू, पण सात फूट कशासाठी? "पूर्वीपासून तसंच असतं."

पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? अंदमानचं सेल्युलर जेल आठवा. बांधकाम १८९६ ते १९०६. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात विंगा, प्रत्येक कोठडीच्या तोंडासमोर पुढच्या विंगेची पाठ आणि हवेसाठी वर छताजवळ एक झरोका. शेजारच्या कोठडीत कोण आहे तेही कळू नये, म्हणून केलेली ती रचना. आज आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. गुन्हा शाबित व्हायचा आहे अजून! त्यांना तो झरोका का द्यायचा? मला याचा खरोखर राग येतो.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा नॉर्वेचं हाल्डन जेल भराभर सांगतो. २०१० साली सुरू झालं, साधारण अडीचशे कैदी. भिंत सहा मीटर उंच, म्हणजे बंदोबस्तात कसूर नाही. पण आतली झाडं राखली आणि खोल्यांना उभ्या, बिनगजांच्या खिडक्या दिल्या. राहण्याची आणि कामाची जागा वेगळ्या इमारतींत, म्हणजे रोज उघड्यावरून चालत जावंच लागतं. दहा-बारा जणांत एक स्वयंपाकघर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहारेकऱ्यांची खोली मुद्दाम अडचणीची केली आहे. आत बसवत नाही, म्हणून ते बाहेर येऊन कैद्यांमध्ये बसतात, बोलतात. कोण गप्प झालाय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे कॅमेऱ्याआधी त्यांना कळतं. सुरक्षा म्हणतात ती ही, आणि ती नकाशातच ठरते.

पंख्याच्या हुकाचा प्रश्न आणि मुलाखतीच्या खोलीतली जाळी, दोन्ही राहिलं. ती ड्रॉइंग्ज बाहेरच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायची आहेत त्यांनी थांबा, मी आहे अजून.