हरिहरच्या लेथला मोटारी बसवताना

(दृश्य : डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण, अगदी जवळून. एक हात क्रॉस स्लाइडचं हँडल फिरवतोय.)

हँडल फिरतंय, पण काटा हलत नाही. अजून थोडं. अजून. आता हलला. हँडलच्या रिंगेवर बघा, पंधरा रेघा सरकल्यावर कुठे क्रॉस स्लाइडने, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाने, जागा सोडली. एका रेघेला दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.३० मिलिमीटरचा प्ले. स्क्रू आणि नट वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एवढे झिजलेत.

हाताने काम करणाऱ्या टर्नरचं यामुळे काही अडत नाही. आकडा ओलांडून पुढे गेला, तर तो हँडल अर्धा फेरा मागे घेतो आणि पुन्हा पुढे आणत बरोबर आकड्यावर थांबतो. त्यामुळे नट कायम स्क्रूच्या एकाच अंगाला टेकलेला राहतो. ही सवय त्याच्या मनगटात इतकी मुरलेली असते, की विचारलं तर त्याला सांगताही येत नाही. या हँडलच्या जागी कॉम्प्युटरवर चालणारी मोटर बसवली, तर तिला मात्र ही सवय नाही. कॉम्प्युटर सांगणार, दहा मिलिमीटर मागे ये. मोटर तेवढी फिरणार, टूल ९.७० वर थांबणार आणि पडद्यावर दहाच दिसणार. त्यात लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, गोल फिरतो, म्हणून टूल जेवढं आत-बाहेर होतं, त्याच्या दुप्पट फरक जॉबच्या व्यासात पडतो. ०.३० चा प्ले व्यासात ०.६० होऊन बसतो. बेअरिंग बसवायच्या शाफ्टला ०.०२ सुद्धा जड जातं.

म्हणून जुनं लेथ कॉम्प्युटरवर आणायचं काम डायल गेजपासून सुरू करायचं. वायरिंगला हात नंतर.

(दृश्य : शेडमधलं लेथ. रंग उडालेला हेडस्टॉक, बेडवर तेलाचा थर.)

आमच्या कोल्हापूरच्या शेडमधलं हे लेथ हरिहरचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, तिथले लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या घरात पोचले. त्याच घराण्याची म्हैसूर किर्लोस्कर कंपनी १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी हरिहरला निघाली आणि तिने लेथ बनवले. पुढे १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी ही सरकारी मशीन कंपनी आली. कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठल्याही जुन्या वर्कशॉपमध्ये डोकावलात तर या दोघांपैकी एकाचं मशीन दिसायची शक्यता मोठी. आज ही मशिनं एकेक करून किलोच्या भावाने जातात, आणि ते बघून आमचा जीव तुटतो.

कारण यातली खरी संपत्ती आहे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. हा बेड बिडाचा आहे, आत आडव्या रिब आहेत आणि वजन इतकं, की चार माणसांना जागचा हलत नाही. टूल स्टीलमध्ये घुसलं की सगळं मशीन थरथरायला बघतं. ती थरथर बीड स्वतःत जिरवतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडून केलेली हलकी छंदाची मशिनं लाकूड, ॲक्रिलिक छान कापतात, पण स्टीलचा दांडा घेतला की चॅटरिंग सुरू होतं आणि जॉबवर लाटा उमटतात. बाजारात मोटर, ड्रायव्हर, कंट्रोलर सगळं विकत मिळतं. असा जुना, वर्षानुवर्षं स्थिरावलेला बेड छंदाच्या खिशाला परवडेल अशा पैशात नवा कुठून आणणार?

अर्थात बेडही झिजतो, आणि सारखा झिजत नाही. बहुतेक कामं छोटी, जॉब पकडणाऱ्या चकजवळची, म्हणून चकजवळचा हातभर भाग जास्त खातो आणि समोरच्या टोकाचा, टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. चकजवळ हलणारी स्लाइड घट्ट करायला तिच्या फटीतली गिबची पट्टी आवळली, तर तीच स्लाइड टेलस्टॉककडे गेली की जाम होते. आमच्याकडे संध्याकाळी एक निवृत्त मेस्त्री येऊन बसतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गिब आवळली म्हणून बेड भरून येत न्हाई, पोरा." मग सरफेस प्लेट आली, निळ्या शाईची ट्यूब आली. सरफेस प्लेटला ब्ल्यू लावून तिच्यावर स्लाइड घासायची, स्लाइडवर जिथे निळा ठिपका उमटतो तो उंच भाग, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा ब्ल्यू, पुन्हा स्क्रेपर. क्रॉस स्लाइडचं स्क्रेपिंग मेस्त्रींनीच केलं, आम्ही ठिपके दाखवत राहिलो. पूर्ण बेड हाताने स्क्रेप करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, तो ग्राइंडिंगला पाठवला.

(दृश्य : १९५० च्या दशकातल्या मिलिंग मशीनचं रेखाचित्र.)

मशीनला कॉम्प्युटर जोडायच्या या छंदाची मुळं कुठे आहेत ते सांगायला हवं. १९४० च्या दशकात अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्र आकारासाठी अचूक टेम्प्लेट लागायची. फ्रँक स्टुलेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पंचकार्डांवर चालणाऱ्या आयबीएमच्या यंत्रांवर वक्राचे बिंदू काढले. मग एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचा, आणि मिलिंग मशीनच्या दोन हँडलांवर दोन माणसं ते आकडे गाठायची. तिघांनी मिळून केलेला हा सीएनसीच, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं मशीनच! पुढे अमेरिकी हवाई दलाच्या पैशांवर हे काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं आणि सप्टेंबर १९५२ मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन तिथे सर्वांसमोर चालवून दाखवलं गेलं.

त्यासाठी नवं मशीन घडवलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं तयार हायड्रो-टेल मशीन घेतलं, त्यावर हुकमाप्रमाणे नेमकी जागा गाठणारे सर्व्हो बसवले आणि शेजारी व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट उभं केलं. म्हणजे हा सगळा उद्योग कन्व्हर्शननेच सुरू झाला. आम्ही शेडमध्ये करतोय ते त्याच जातीचं काम आहे, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

त्या कपाटाचं काम आज हाताएवढा बोर्ड करतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ईएमसी नावाचा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला. तो खुला झाला, जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवला, आणि २०११ मध्ये त्याचं नाव लिनक्ससीएनसी झालं. दुसरीकडे २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्स्रुड यांनी आर्डुइनो या छोट्या बोर्डासाठी ग्रब्ल नावाचा तसाच प्रोग्रॅम लिहिला. ३२ किलोबाइटची प्रोग्रॅमची जागा आणि २ किलोबाइट रॅम, एवढ्यात तीन अक्षांचं मशीन चालतं. दोन्ही फुकट, दोन्ही उघडून वाचता येतात.

(दृश्य : बॉल स्क्रू आणि त्याचा नट हातात.)

आता झिजलेल्या स्क्रूचं काय करायचं? तो काढला आणि बॉल स्क्रू घातला. याच्या नटमध्ये पोलादी गोळ्यांची माळ आहे, स्क्रूच्या खाचेतून फिरत फिरत ती पुन्हा सुरुवातीला येते. घासण्याऐवजी गोळ्या लोळतात, त्यामुळे मोटरची ताकद वाया जात नाही आणि चांगल्या नटमध्ये प्ले जवळजवळ नसतो. हे ऐकायला सोपं आहे. पण बॉल स्क्रूचा नट जाडजूड असतो, आणि क्रॉस स्लाइडच्या पोटात जागा बोटभर. क्रॉस स्लाइडखालच्या सॅडलला मिलिंगवर नेऊन आतून खोबण मारावी लागली, आणि किती खोल जायचं यावर आमच्यात बराच वाद झाला, कारण जास्त गेलो तर सॅडल कमजोर होणार. बॉल स्क्रूला धातूचा कीस अजिबात चालत नाही, एक बारीक कण आत गेला तरी गोळ्या खरखरतात. त्यामुळे झाकण आणि वायपर पहिल्या दिवसापासून हवेत.

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे दहा भाग करतो, म्हणजे २००० पल्स, मोटरला द्यायचे विजेचे ठोके. मधे दोनास एक दातेरी पट्टा, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्याला ४००० पल्स. स्क्रूची लीड, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, ५ मिलिमीटर, तेव्हा एका मिलिमीटरला ८०० पल्स पडतात. एका पल्सला सव्वा मायक्रॉन! हा आकडा बघून हुरळून जायला होतं, पण ती फक्त आकड्यातली बारकाई आहे. अचूकता बेड, स्क्रू आणि बेअरिंग जेवढी देतील तेवढीच मिळणार.

याच हिशेबावरून कंट्रोलर ठरतो. कॅरेज, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, मिनिटाला तीन मीटर पळवायचं, तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे ४०,००० पल्स. आर्डुइनोवरचं ग्रब्ल सेकंदाला साधारण ३०,००० पल्सपर्यंत जातं. वेग दोन मीटरवर आणला की भागतं. पण आम्ही लिनक्ससीएनसी घेतलं, ते आट्यांसाठी.

(दृश्य : स्पिंडलच्या मागे बसवलेला एन्कोडर, दातेरी पट्टा.)

हा भाग मला सगळ्यात आवडतो. एम-२० चा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आटा पाडायचाय, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, अडीच मिलिमीटर. स्पिंडलचा, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचा, एक फेरा झाला की कॅरेजने बरोबर अडीच मिलिमीटर सरकायचं. जुन्या पद्धतीत हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या पेटीच्या, बाजूचे गिअर बदलायचे, लीडस्क्रू जोडायचा, आणि प्रत्येक कटला थ्रेड डायलवरची खूण समोर आली की कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा हाफ नट टाकायचा. खूण चुकली तर टूल दुसरीच खाच पाडतं आणि जॉब गेला.

आता स्पिंडलच्या मागे त्याचं फिरणं मोजणारा एन्कोडर आहे, एकास एक दातेरी पट्ट्याने जोडलेला. साधा बेल्ट घसरतो, तो इथे चालत नाही. हा एन्कोडर एका फेऱ्यात १०२४ पल्स देतो, शिवाय पूर्ण फेऱ्याला एक वेगळी इंडेक्स पल्स. जी-३३ ही आटा पाडायची आज्ञा मिळाली की लिनक्ससीएनसी इंडेक्सची वाट बघतं. ती आली की कॅरेज निघतं आणि स्पिंडल जिथे असेल त्याच्या हिशेबाने चालतं. कट खोल झाला, मोटरवर लोड आला, स्पिंडल मंदावलं, तर कॅरेजही तेवढंच मंदावतं. पिच ढळत नाही. परत मागे येऊन पुन्हा निघालं, की त्याच इंडेक्सवर, त्याच खाचेत. जी-७६ या दुसऱ्या आज्ञेत एकूण खोली आणि पहिल्या कटची खोली दिली की पुढचे सगळे कट ते स्वतः आखतं. टूल आट्याच्या दोन-तीन पिच आधीपासून सोडायचं, म्हणजे वेग पकडायला कॅरेजला वाव मिळतो. मूळ ग्रब्लमध्ये स्पिंडलशी अशी सांगड नाही.

(आवाज : स्पिंडल ३०० आरपीएमवर. टूल येतं, आटा पाडतं, मागे जातं.)

विजेच्या बाबतीत माझा आग्रह जरा जास्त आहे, तो असू द्या. घरगुती सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवायला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा, लागतो. २३० व्होल्टचा व्हीएफडी २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, म्हणून ४१५ व्होल्टला स्टारमध्ये बांधलेली मोटर आधी डेल्टामध्ये जोडून घ्यावी लागते (स्टार आणि डेल्टा या मोटरची वेटोळी जोडायच्या दोन पद्धती). मोटरच्या पाटीवर दोन्ही व्होल्टेज लिहिलेली असतील तरच. आणि व्हीएफडी आला म्हणून हेडस्टॉकचे गिअर काढून टाकू नका. ५० हर्ट्झची मोटर १० हर्ट्झवर चालवली तर तिची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते, पंखाही मंद फिरतो आणि मोटर तापते. मोठ्या व्यासाच्या, मंद कामाला गिअरच हवेत. वीज बंद केल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये दाब राहतो, पाटीवर लिहिलेली मिनिटं जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही. त्याच्या केबलमुळे सरकण्याची हद्द सांगणाऱ्या लिमिट स्विचच्या तारांत खोटे सिग्नल येतात, म्हणून सिग्नलची केबल शील्डवाली आणि वेगळ्या पाइपातून.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण थेट ड्रायव्हरची आणि स्पिंडलची वीज तोडणारं हवं. नुसतं कॉम्प्युटरला 'थांब' सांगणारं बटण कामाचं नाही, कारण कॉम्प्युटरच अडकला असेल तर? संपर्क नेहमी बंद असणारा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन उभं राहतं. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, हा जुना नियम इथेही तसाच.

लाइट गेली तर साधा स्टेपर आपली जागा विसरतो. लाइट आल्यावर टूल आधी हाताने जॉबपासून लांब घ्यायचं, मग होमिंग करायचं, म्हणजे मशीनला शून्याची जागा पुन्हा शोधायला लावायचं. आमच्या शेडमध्ये हे वरचेवर करावं लागतं, म्हणून मोटारींच्या मागच्या टोकाला आम्ही हँडल ठेवलीत.

(दृश्य : भंगाराच्या आवारात उभं असलेलं लेथ.)

तुमच्या भागात एखादं लेथ विकायला निघालं असेल, तर टॉर्च आणि मॅग्नेटिक बेसचा डायल घेऊन जा. चकजवळ बेडवर, जिथे कॅरेज पोचतं आणि जिथे पोचत नाही त्या सीमेवर नख फिरवा. तिथे पायरी लागली तर ग्राइंडिंगचा खर्च किमतीत धरा. चकमध्ये लांब दांडा पकडा, डायल स्पिंडलवर टेकवा आणि दांडा जोर लावून वर उचला. काटा किती हलतो त्यावरून बेअरिंगची अवस्था कळेल. हेडस्टॉकचं झाकण उघडून गिअरचे दात एकेक करून बघा. क्रॉस स्लाइडचं हँडल मोकळं फिरतंय, लीडस्क्रूचे आटे पातळ झालेत, हाफ नट गेलाय, असं मालक ओशाळून सांगेल. ते सगळं आपण काढणारच आहोत, तेव्हा त्यावर भाव पाडून मागा. बेड आणि स्पिंडल बघितल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका.