कार्ड कोणाची वाट बघतंय?

"दादा, रायझन ५ १६०० प्रोसेसर आहे, सात वर्षं झाली, बदलू का?" असा मेसेज मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, आणि मी उलटं विचारतो की खेळतोस काय आणि मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवणारा आहे. त्यावर निम्मी पोरं गप्प होतात, कारण मॉनिटर ६० हर्ट्झचाच असतो आणि खेळायची असते जीटीए ५, जी पीसीवर २०१५ साली आली. प्रोसेसर म्हणजे काय दुधाची पिशवी नाहीये, तारीख उलटली की नासला म्हणायला. दहा वर्षं जुना असेल आणि तुमचा गेम तुम्हाला हवा तसा चालत असेल तर विषय संपला, पैसे खिशात ठेवा, मिसळ खा.

पण कधीतरी बदलावा लागतो हेही खरंच, मी पण बदलला. तो कधी, हे कळायला आत काय चालतं ते थोडं बघूया, आणि मला ते ओट्यावरूनच सांगता येतं. आमच्याकडे आई पोळ्या लाटते आणि मी भाजतो. हसू नका, खरंच भाजतो. प्रोसेसर म्हणजे लाटणारा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाजणारा. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, ह्या फ्रेममधे, म्हणजे ह्या एका चित्रात, काय काय काढायचंय ह्याची यादी प्रोसेसर करून देतो आणि मग कार्ड ते चित्र रंगवतं. आता तव्यावर आधीची पोळी आहे आणि आईने पुढच्या तीन लाटून ठेवल्यात तर मी कमी पडतोय, म्हणजे कार्ड कमी पडतंय. पण मी उलथनं घेऊन उभा आणि तवा रिकामा तापतोय, तर दोष माझा नाही ना? आणि अशा वेळी लोक काय करतात, मोठा तवा आणतात! जुन्या प्रोसेसरवर महागडं कार्ड, आणि फ्रेम तेवढ्याच. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चिडायचंही सोडलं.

मग ओळखायचं कसं. टास्क मॅनेजर उघडून "प्रोसेसर तर ३५ टक्केच आहे, निवांत आहे" असं म्हणू नका. १६०० ला ६ कोर, म्हणजे काम करणारी सहा डोकी, आणि १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या बारा रांगा. गेमचा मुख्य थ्रेड जीव तोडून पळत असला तरी बाराच्या सरासरीत तो जेमतेम ८ टक्के दिसतो. लग्नघरात ओट्याभोवती बारा माणसं आहेत, लाटता येतं दोघांनाच, बाकीचे चहा पितायत, लांबून बघणाऱ्याला स्वयंपाकघर निवांतच दिसणार. त्यात विंडोज तो थ्रेड ह्या कोरवरून त्या कोरवर हलवत असतं, त्यामुळे कोर वेगवेगळे बघितले तरी कुठे १०० दिसेलच असं नाही. म्हणून बघायचं ते कार्डाकडे.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्युनर टाका, कार्ड किती टक्के आणि फ्रेम किती ते खेळतानाच स्क्रीनवर दाखवतात, फुकट आहेत. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा लावली असेल तर ती बंद, आणि मग गेममधे गर्दीच्या जागी जाऊन उभे रहा, मोकळ्या माळावर नाही. सायबरपंक असेल तर बाजारात, बाल्डर्स गेट ३ असेल तर तिसऱ्या अंकातलं शहर, तिथे भलेभले प्रोसेसर बसतात. कार्ड ९७-९९ टक्के दाखवतंय? मग प्रोसेसरचं नाव काढू नका, पैसे कार्डावर घाला नाहीतर सेटिंग कमी करा. कार्ड ५५-६० वर लोळतंय आणि फ्रेम तरी कमी? मग रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणून बघा. ४के म्हणजे पुरणपोळी, मंद आचेवर वेळ लागणारच, ७२० म्हणजे फुलका, टाकला की फुगला. भाजायचं काम इतकं हलकं करूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर लाटणारा अडलाय हे पक्कं.

आणि हवंय किती तेही ठरवा. ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झवर ६.९. व्हॅलोरंट, सीएस २ वाले सगळं लो वर टाकून खेळतात, म्हणजे कार्डाला काम नाहीच, सगळा भार प्रोसेसरवर, तिथे जुना प्रोसेसर पटकन उघडा पडतो. सिनेमासारखे गेम ४के वर खेळणाऱ्याला तोच प्रोसेसर अजून दोन वर्षं जाईल. सरासरी आकड्यावरही जाऊ नका, फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा, ग्राफ लावा. सरासरी ८० आणि वळणावर गाडी वळवली की हिसका बसतो, तो हिसका सरासरीत दिसत नाही, मानेला दिसतो.

आता माझी फजिती सांगतो. २०१९ मधे मी १६०० बदलायचं नक्की केलं होतं, पैसे बाजूला काढले होते, सगळ्या खुणा जुळत होत्या, कार्ड मोकळं, फ्रेम कमी. शनिवारी दुकानात जायचं आणि शुक्रवारी रात्री सहज टास्क मॅनेजरमधे मेमरीच्या पानावर गेलो तर स्पीड २१३३. माझी रॅम ३२०० ची! मशीन जोडून देणाऱ्याने बायोसमधे (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं आणि मी चौदा महिने तसाच खेळत होतो. पहिल्या पिढीच्या रायझनमधे तर हे जास्तच बोचतं, कारण त्याच्या आतला कोरगटांना जोडणारा रस्ता रॅमच्याच वेगाने चालतो, रॅम लंगडली की सगळंच लंगडतं. ३२०० वर माझा मदरबोर्ड बूटच होईना, २९३३ वर बसला, आणि प्रोसेसर बदलायचं दोन वर्षं पुढे गेलं. फुकटात. तर तुम्ही आज घरी जाऊन आधी हे बघा, आणि त्याच पानावर किती स्लॉट वापरलेत तेही दिसतं, एकच काडी असेल तर दुसरी टाका, एका काडीवर रॅमचा अर्धाच रस्ता उघडा असतो. आणि कूलर साफ करा हो. पंख्याच्या पात्यांमागे जी गोधडी तयार झालेली असते ती काढल्याशिवाय प्रोसेसरला नावं ठेवू नका, मे महिन्यात विदर्भात तो ९५ अंशावर जाऊन स्वतःहून वेग कमी करत असेल.

एक प्रश्न नेहमी येतो, की इंटेलचा २०११ चा आय५-२५०० के लोकांनी सात-आठ वर्षं ओढला आणि हल्लीच का असं धडाधड म्हातारं व्हायला लागलं. ह्याचं एक मोठं कारण पीसीच्या बाहेर आहे. गेम बनवणारे कन्सोल धरून बनवतात. २०१३ च्या पीएस४ मधे आठ कोर होते पण जॅग्वार जातीचे, १.६ गिगाहर्ट्झचे, अगदी मरतुकडे. त्याला झेपेल असा गेम आपल्या चार कोरच्या इंटेलला किरकोळ होता. मग नोव्हेंबर २०२० मधे पीएस५ आला, एएमडीच्या झेन २ पिढीचे आठ कोर, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. सुरुवातीला गेम जुन्या-नव्या दोन्ही कन्सोलवर निघत होते म्हणून जाणवलं नाही, पण जुना कन्सोल सुटत गेला तशी आपली चार कोरची मंडळी घामाघूम झाली. म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला नाही, शाळेचा अभ्यासक्रम बदलला.

बरं, चाचणी केली, रॅम बघितली, धूळ काढली, तरी तवा रिकामाच. आता बदला. पण इथे माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न हा, की आहे त्याच बोर्डात नवा बसतो का? कारण नुसता प्रोसेसर बदलणं ही एक गोष्ट, आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही बदलणं म्हणजे नवीन कॉम्प्युटर, त्याला अपग्रेड म्हणून स्वतःला फसवू नका. इंटेलवाल्यांचं दुखणं हेच. जानेवारी २०१७ ला आय७-७७०० के घेतला, ऑक्टोबरमधे सहा कोरचा ८७०० के आला, सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, नाव तेच ११५१, आणि जुन्या बोर्डावर चालत नाही! एएमडीने पण मे २०२० मधे तसंच करायला घेतलं होतं, की झेन ३, म्हणजे ५६०० वगैरेंची पिढी, फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर, पण लोकांनी एवढी बोंबाबोंब केली की ४०० मालिकेला लगेच आणि ३०० ला २०२२ मधे दार उघडलं. म्हणून २०१७ च्या, ३०० मालिकेतल्या बी३५० बोर्डावर आज रायझन ५ ५६०० बसतो. कागदावर दोन्ही ६ कोर १२ थ्रेडच, पण १६०० मधे १६ एमबी कॅश दोन गटांत अर्धीअर्धी वाटलेली, ५६०० मधे ३२ एमबी सलग, सगळ्या कोरांना मिळून, आणि वेग ३.६ ऐवजी ४.४ पर्यंत. कॅश म्हणजे लाटणाऱ्याच्या हाताशी ठेवलेले पिठाचे गोळे, ते संपले की उठून आतल्या खोलीत डब्याकडे जावं लागतं. ५८०० एक्स३डी मधे ती ९६ एमबी आहे, एवढंच त्याचं गुपित, पण तो आता नवा मिळणं मुश्कील, आणि सेकंडहँडवाले सोन्याच्या भावात सांगतात. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की डीडीआर५ ह्या नव्या रॅमवर, म्हणजे नव्या बोर्डावर, जायचा विचार करणाऱ्यांनी परत जुन्या बोर्डाला नमस्कार केला.

एक गोष्ट मात्र तारखेचीच आहे, मघाशी मी तारखेला शिव्या दिल्या तरी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझन २६०० आहे, १६०० नाही. तेवढ्यासाठी बदलायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आता हाताने काम करणाऱ्यांसाठी, कारण इथेच माती होते. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, नंतर केलं तर स्क्रीन काळीच राहील. यूपीएसवर करा. आमच्या एका मित्राची लाईट ७० टक्क्यांवर गेली, बोर्ड मेला, मग रिपेअरवाल्याने चिप बाहेरून लिहून दिली तेव्हा जिवंत झाला. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, नवा प्रोसेसर बघून विंडोज ती मागू शकतं. आणि कूलर सरळ वर ओढायचा नाही! एएम४ ह्या रायझनच्या सॉकेटमधे पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि सहा वर्षांत थर्मल पेस्ट इतकी वाळते की कूलरबरोबर प्रोसेसर पण उपटून येतो, लिव्हर बंद असताना. माझ्या हातात तसा आला होता. कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या, मी मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढून तिच्या टोकाने एकेक सरळ केली, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून, श्वास रोखून. आता काय करतो, आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करतो, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हळू फिरवतो, भाकरी तव्यावरून सोडवतो ना तसा, सुटला की मगच उचलतो.

माझा तोच १६०० अजून चालतोय बरं का. सेकंडहँड ए३२० बोर्ड घेतला, त्या प्रोसेसरमधे स्वतःचं ग्राफिक्स नाही म्हणून पेटीतलं जुनं जीटी ७१० कार्ड लावलं, लिनक्स टाकलं आणि आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला. पहिल्या दिवशी तिने दोन आधार कार्ड छापून बघितली, मला विचारलं, "ह्यात पत्त्यांचा गेम आहे का?"