कॅथोडवर किती व्होल्ट आहेत, ते आधी सांगा

नाशिकमधल्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पहिला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर, जोडून झाला आहे. कुणाचा वाजतच नाही, कुणाचा वाजतो पण मागे सतत घूंऽऽ चालू असतं, कुणाचा आउटपुट व्हॉल्व्ह लाल होतो. मघाशी चहा घेताना मी विचारत होतो की आतापर्यंत काय काय केलंत. "कपॅसिटर बदलला", "दुसरा व्हॉल्व्ह लावून पाहिला", "सगळं सोल्डर पुन्हा केलं" अशी उत्तरं मिळाली. एकानेही आकडा सांगितला नाही. भाग बदलण्याआधी मोजायला हवं, आणि पहिलं मोजमाप कॅथोडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर, घ्यायला हवं. आज मी प्रामुख्याने हेच सांगायला आलो आहे.

बहुतेकांनी एकच सर्किट निवडलं आहे आणि निवड चांगली आहे: पुढे सिग्नल मोठा करणाऱ्या ईसीसी८३ व्हॉल्व्हचा अर्धा भाग, मागे स्पीकर चालवणारा ईएल८४, तोही सिंगल एंडेड, म्हणजे एकटाच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ईएल८४ आपल्याकडे बनवला, रेडिओच्या आउटपुटला तो सर्रास असायचा. जुन्या नाशकातले वाडे रिकामे होताना माळ्यावरून उतरलेल्या रेडिओंत तो अजूनही सापडतो. असा जुना व्हॉल्व्ह हाती आला की काचेच्या आत, माथ्याशी, चंदेरी थर आहे का ते बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. त्या व्हॉल्व्हवर वेळ घालवू नका.

आता जिवाची गोष्ट. चॅसीच्या, म्हणजे सगळं ज्यावर बसवतो त्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, खाली तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. त्यासाठी फिल्टर कपॅसिटरवर कायमचा ब्लीडर रेझिस्टर हवा, २२० किलोओहम, २ वॅटचा. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून रिकामा व्हायला जवळपास मिनिटभर लागतं. तेवढं थांबायचं, तरीही मीटर लावून खात्री करायची, मगच बोट आत घालायचं. चालू सर्किटवर मोजताना काळी प्रोब चॅसीला क्लिपने लावून ठेवा, लाल प्रोब एका हाताने धरा आणि दुसरा हात खिशात ठेवा. दोन्ही हात आत गेले तर करंटला छातीतून वाट मिळते. आणि घरात एकटे असाल तर हे काम उद्यावर टाका. मी हे तळमळीने सांगतो आहे, कारण या छंदात घाई कसलीच नसते.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डमधून, म्हणजे विजेच्या वाटेत १०० वॅटचा फिलामेंटचा पिवळा बल्ब लावून. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण ट्रान्सफॉर्मर वाचला. सुरुवातीला एकही व्हॉल्व्ह बसवू नका. सॉकेटवर हीटरचे ६.३ व्होल्ट एसी येतात का, एवढंच बघा. मग व्हॉल्व्ह बसवा, तेही स्पीकरच्या जागी ८ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून. आउटपुटला काहीच न जोडता सिग्नल दिला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उठतं आणि इन्सुलेशन फुटतं. आणखी एक: लोड नसताना एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारं ते तीनशेच्या आसपासचं डीसी व्होल्टेज, चढते. २५०-०-२५० चं वाइंडिंग आणि सिलिकॉन डायोड असतील तर ती ३५० व्होल्टच्या वर जाते. म्हणून फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या.

आता कॅथोड. ईएल८४च्या तिसऱ्या पिनवर कॅथोड आहे. पिना सॉकेटच्या खालून बघायच्या, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजल्या की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. नवीन माणसाचं सर्किट पूर्ण मुकं असेल तर मी आधी हेच तपासतो. कॅथोडपासून ग्राउंडपर्यंत साधारण १३५ ओहमचा रेझिस्टर असतो. व्हॉल्व्हमधून जाणारा सगळा करंट त्याच्यातूनच जातो, म्हणून त्याच्यावरचं व्होल्टेज मोजलं की व्हॉल्व्ह किती काम करतो आहे ते कळतं. कॅथोडवरून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरचा पत्रा, म्हणजे ॲनोड, गोळा करतो; मधे दोन जाळ्या असतात, सिग्नल घेणारी ग्रिड आणि तिच्यापुढची स्क्रीन. उत्पादकाच्या डेटाशीटप्रमाणे ॲनोड आणि स्क्रीन २५० व्होल्टवर असताना ग्रिड कॅथोडच्या ७.३ व्होल्ट खाली असते, ॲनोडचा करंट ४८ मिलिॲम्पिअर आणि स्क्रीनचा साडेपाच. तुमच्या मीटरने ७.२ व्होल्ट दाखवले की १३५ने भागा: ५३ मिलिॲम्पिअर. स्क्रीनचा वाटा वजा करा, २५०ने गुणा. उत्तर १२ वॅटच्या आसपास येतं आणि या व्हॉल्व्हच्या ॲनोडची मर्यादाही १२ वॅटच आहे. म्हणजे गाडी बरोबर, पण काठावर चालली आहे.

आता समजा तिथे ९ व्होल्ट दिसले आणि एचटी ३०० आहे. करंट झाला ६६ मिलिॲम्पिअर. स्क्रीनचे सहा-सात सोडले तरी ॲनोडवर सतरा वॅट पडतात, मर्यादेच्या जवळपास दीडपट. हे घडतं केव्हा? मूळ सर्किटमध्ये ईझेड८१ रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, होता आणि तुम्ही स्वस्त पडतात म्हणून सिलिकॉन डायोड टाकले. व्हॉल्व्ह रेक्टिफायरमध्ये बरेच व्होल्ट खर्च होतात, डायोडमध्ये एकही धड होत नाही. व्हॉल्व्हला दोष नाही, तुम्ही त्याला जास्त व्होल्टेज दिलंय. एचटीच्या वाटेत रेझिस्टर टाकून ती खाली आणा, किंवा कॅथोडचा रेझिस्टर वाढवा, आणि पुन्हा मोजा. हे आकडे सिरीज बल्ब काढल्यावरचे हवेत. बल्ब लावलेला असताना सगळंच कमी दिसतं.

कॅथोडवर शून्य आलं तर त्याचे दोन अर्थ निघतात आणि ते वेगळे करायला डोळे पुरतात. व्हॉल्व्ह शांत असेल तर करंटच नाही: हीटर, स्क्रीनवरची एचटी, ॲनोडवरची एचटी या क्रमाने बघा. ॲनोडला मिळतंय पण स्क्रीनचा रेझिस्टर उघडा पडलाय, हे वारंवार दिसतं. पण शून्य आहे आणि व्हॉल्व्हच्या आतली पत्र्याची पेटी लाल होते आहे, तर ताबडतोब बंद करा. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर लावलेला बायपास कपॅसिटर शॉर्ट आहे किंवा सोल्डरचा थेंब ग्राउंडला टेकला आहे. उलट, वीसच्या वर व्होल्ट दिसले तर कॅथोडचा रेझिस्टर जळून उघडा झालेला असतो.

लाल होण्याचं आणखी एक कारण आहे आणि पावसाळ्यात ते हमखास भेटतं. पुढच्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवरून ईएल८४च्या ग्रिडवर येणारा कपलिंग कपॅसिटर गळतो. ग्रिडवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यातून एक मायक्रोॲम्पिअर गळती झाली तरी ग्रिड अर्धा व्होल्ट वर जाते. चार मायक्रोॲम्पिअर गळती म्हणजे जवळपास दोन व्होल्ट, आणि ईएल८४साठी ते फार होतात. जुन्या रेडिओतून काढलेले मेण लावलेले कागदी कपॅसिटर दिसायला देखणे असतात, पण त्यांनी दमट हवा पिऊन घेतलेली असते. ते वापरू नका. चांगला प्लास्टिक फिल्मचा, ४०० व्होल्ट किंवा त्याहून वरचा घ्या. एमजी रोडला मिळाला नाही तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. तपासायचं तर ईएल८४च्या दुसऱ्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा. तिथे शून्यच हवं.

ईसीसी८३ला हीच रीत, आणि इथे दोन आकडे एकमेकांची साक्ष देतात. एचटी २५०, ॲनोडला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम असेल तर ॲनोडवर १६० ते १६५ व्होल्ट आणि कॅथोडवर सुमारे १.३ व्होल्ट मिळायला हवेत. ॲनोडच्या रेझिस्टरवर पडलेल्या व्होल्टेजवरून करंट काढा, कॅथोडवरूनही काढा. दोन्ही जुळले तर तो भाग निर्धास्त सोडून पुढे जा. नाही जुळले तर एखादा रेझिस्टर त्याच्यावर छापलेल्या किमतीचा राहिलेला नाही.

आता गुणगुण. यावर मला जास्त वेळ हवा आहे, कारण लोक इथेच वैतागून चॅसी कोपऱ्यात टाकून देतात. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या आणि इअरफोनमध्ये ५० आणि १०० हर्ट्झ ऐका. मग ठरवा, तुमची गुणगुण कुठली. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फुल वेव्ह रेक्टिफायरमधून निघालेला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झची असते, तेव्हा शंभर ऐकू आलं तर फिल्टर कपॅसिटरकडे जा. पन्नास ऐकू आलं तर हीटरच्या वायरी, इनपुटची वायर, ग्राउंडची मांडणी किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. अपवाद एक आहे: रेक्टिफायरचा एक डायोड मेला की फुल वेव्हचा हाफ वेव्ह होतो आणि फिल्टरची गुणगुणही पन्नासवर उतरते.

मग वीज बंद करा, ईसीसी८३ काढा, पुन्हा चालू करा. गुणगुण तशीच राहिली तर दोष मागच्या भागात आहे. गेली तर पुढच्या. पुढच्या भागात असेल तर मी पहिला प्रश्न विचारतो: हीटरचं वाइंडिंग ग्राउंडला कुठे जोडलंय? बहुतेक वेळा कुठेच नाही. वाइंडिंगला सेंटर टॅप, म्हणजे मधोमध काढलेलं टोक, नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावा. फरक तिथल्या तिथे ऐकू येतो. हीटरच्या वायरी घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या वायरीपासून लांब.

मागच्या भागात असेल आणि फिल्टर ठीक असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे. हे चॅसीला भोकं पाडण्याआधीच तपासता येतं. फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मरला वीज द्या, त्याची सगळी टोकं नीट झाकून. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कशालाही न जोडता त्याच्या सेकंडरीला जुना इअरफोन लावा आणि तो टेबलावर फिरवत जा. एका कोनात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तोच कोन पेन्सिलने चॅसीवर आखून घ्या. मला स्वतःला या सगळ्या कामात हा भाग सर्वांत आवडतो.

आणि कुणी सल्ला दिला की थ्री पिनची अर्थ काढून टाक, गुणगुण जाईल, तर तो ऐकू नका. कदाचित जाईलही. पण मग ज्या दिवशी आतली वायर पत्र्याला टेकेल त्या दिवशी चॅसीला हात लावणाऱ्याला वाचवायला काही उरत नाही. मेन्सची अर्थ चॅसीला बोल्टने पक्की हवी. सिग्नलचं ग्राउंड एकाच जागी चॅसीला जोडा आणि इनपुटचं सॉकेट चॅसीपासून इन्सुलेट करा.

किंचाळण्याचं थोडक्यात सांगतो. फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल पुढच्या भागाकडे परत नेणारी, वायर जोडली की ॲम्प्लिफायर किंचाळतो, कारण फीडबॅक उलटा जातो आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करा. पहिल्या दिवशी फीडबॅक जोडूच नका. दूरवरून मोटरबोट यावी तशी फट फट फट ऐकू आली तर दोन टप्प्यांची एचटी एकमेकांपासून अलग ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर कमी पडतो आहे. लाकडी काडीने एकेक सांधा हलकेच टोकून खरखर आली तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, सापडला.

शेवटी एका मित्राने चिठ्ठीवर विचारलं आहे: सगळे व्होल्टेज बरोबर, गुणगुण नाही, तरी तबल्याचा बायाँ आला की आवाज फाटतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथल्याच अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून वाइंड करून आणला आहे. प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर तुमच्या चिठ्ठीतच दिसतं आहे. सातपूर-अंबडचे वाइंडिंगवाले मोटारी आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर रोज करतात, हात तयार असतात. पण पॉवर ट्रान्सफॉर्मरची स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे ई आणि आय आकाराचे पत्रे, एक इकडून, एक तिकडून अशी गुंफून भरायची असते आणि सवयीने तसंच भरलं जातं. सिंगल एंडेडमध्ये प्रायमरीतून ४८ मिलिॲम्पिअर डीसी कायम वाहतो. गुंफलेला कोअर तेवढ्याच्या चुंबकत्वानेच भरून जातो, वर खर्जाचा स्वर आला की त्याला जागा उरत नाही. खात्री करायची तर फोनवरून १००० हर्ट्झचा टोन द्या, मग आवाज तेवढाच ठेवून ६० हर्ट्झचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा फाटका आला तर कोअरच. वाइंडिंग तोडायची गरज नाही. ट्रान्सफॉर्मर परत न्या आणि कागदावर लिहून द्या: सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने, मधे इन्सुलेशन पेपरची पट्टी, आणि वरून पट्टा घट्ट आवळलेला. पट्टी किती जाड हवी ते कोअरच्या मापावर ठरतं. आधी पातळ लावून घ्या, ६० हर्ट्झ पुन्हा ऐका, आणि गरज लागली तर दुकानात उभं राहूनच दुसरी पट्टी घालून घ्या.