पान नाही, दांडा नाही, नुसतं फूल

खाली बघा. मोहाच्या बुडाशी नाही, थोडं डावीकडं, आजीनं काठी टेकवली ना तिथं. पान नाही, दांडा नाही, वाळल्या पाचोळ्यातून सरळ फूलच वर आलंय. भुईचाफा. मार्च संपत आलाय, गडचिरोलीचं ऊन नऊलाच चटके देतंय, मातीत पाण्याचा टिपूस नाही, मग हे फुललं कशाच्या जोरावर? आजी म्हणते, "काहून, पोटात साठवून ठेवते ना थे."

आता जवळून. वर पांढरं, खाली दोन फाकी झालेला जांभळा ओठ. आपण ज्याला पाकळी म्हणतो तो खरं तर वांझ पुंकेसर, खऱ्या पाकळ्या मागच्या त्या बारीक पट्ट्या. हळदीच्या कुळातलं झाड, १७५३ साली लिनिअसनं केम्फेरिया रोटुंडा नाव दिलं, आजीला त्याचं काही पडलं नाही.

हे पोट. जंगलातलं नाही बरं, आजीच्या परसातलं. वरचा तो कंद, आणि मुळांना लोंबतात त्या बोराएवढ्या गाठी. लावायचा तो कंदाचा तुकडा, डोळा असलेला. आम्ही पहिल्या साली नुसत्या गाठीच लावल्या, सगळ्या सडल्या, आजी दोन दिवस हसत होती. कापल्या जागी चुलीतली राख फासायची, मृगाच्या आधी दोन-तीन बोटं खोल लावायचं, आंब्याच्या सावलीत. नुसती काळी माती पाणी धरून बसते म्हणून रेती आणि कुजलेला पाला भरपूर, शेणखत मुरलेलंच.

हा शॉट ऑगस्टचा. पानं वरून चट्ट्याचट्ट्याची, उलटली की जांभळी! दिवाळीच्या पुढंमागं ती पिवळी पडून जातात आणि लोकांना वाटतं झाड मेलं, मग पाणी घालतच राहतात आणि तिथंच कंद जातो. पाणी बंद करायचं, जागेवर खुणेचा दगड ठेवायचा, होळीपर्यंत विसरायचं.

पूर्वी पार नाल्यापर्यंत दिसायचा म्हणते आजी, आता मोहाखालचा पाला जाळतात, कोणी कंदच उपटून नेतं. तिच्याकडं मागा ना, एका कंदाचे तिनं किती केलेत बघा, ही सगळी रांग.

फूल एकच दिवसाचं. संध्याकाळी हे मान टाकेल. शेजारी कळी आहे.

(कळीवर कॅमेरा, निवेदन नाही.)