सरकलेला धुरा

(दृश्य: उन्हाळ्यातलं नांगरलेलं वावर. दोन शेतांमधला धुरा, त्यावर बोरी आणि एक पळस.)

हा धुरा एकेकाळी बैलबंडी जाईल एवढा रुंद होता. नांगरताना दरवर्षी एक तास (नांगराची एक ओळ) आत घेतला की वीतभर माती इकडची होते. वीतभरासाठी कोण भांडणार? पण ३६३ फूट लांबीचा धुरा तीन फूट सरकला की बरोबर एक गुंठा गेला. १०८९ चौरस फूट.

विदर्भातल्या खेड्यात पापावर बोलायला पाळकाला, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूला, याहून जवळचं उदाहरण शोधावं लागत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात बारा शाप आहेत. पहिला चोरून मूर्ती ठेवणाऱ्याला, दुसरा आईबापाला तुच्छ लेखणाऱ्याला आणि तिसरा थेट शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला. प्रत्येक शापावर सगळ्या लोकांनी 'आमेन' म्हणायचं. यातली बरीचशी पापं साक्षीदाराशिवाय होणारी आहेत. पंचांना आणि तलाठ्याला जे दिसत नाही, तेच या यादीत वेचून घेतलंय.

(दृश्य: ज्वारीचं शेत. मचाणावर गोफण फिरवणारा हात.)

मराठीत 'पाप' म्हटलं की मागोमाग 'पुण्य' येतं आणि मनात वही उघडते. इकडे जमा, तिकडे नावे. ख्रिस्ती शिकवणीत अशी वही चालत नाही. गावजेवण घातलं म्हणून सरकवलेला धुरा मागे जात नाही.

यवतमाळला १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी शाळा होती, पुढे ती पुण्याला गेली. अशा ठिकाणी पाळक होऊ पाहणारे हिब्रू शिकतात, तेव्हा पापासाठी तीन शब्द भेटतात. तिन्ही शेतकऱ्याला लगेच कळावेत असे. पहिल्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. 'शास्ते' या पुस्तकात बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्यांची नोंद आहे. गोफणीने केसावर दगड मारला तरी ते चुकत नसत, आणि तिथलं 'चुकणं' हेच क्रियापद पापासाठी येतं. दुसरा शब्द वाकडेपणाचा. तिफणीचा पहिला तास वाकडा गेला की पुढचे सगळे त्याच्याच मागे वाकतात, आणि डवरणीच्या (ओळींमधलं तण काढण्याच्या) वेळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, तुटते. तिसरा बंडाचा आहे, करार माहीत असून मोडण्याचा. ५१व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींतच हे तिन्ही शब्द आले आहेत.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात परिणामांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आदाम आणि हव्वा आधी एकमेकांपासून अंग झाकतात, मग देवापासून लपतात, मग आदाम बायकोवर बोट दाखवतो आणि ती सापावर. जमिनीचा नंबर त्यानंतर लागतो. काटे आणि कुसळे, घामाची भाकर, शेवटी माती.

हे एका जोडप्यापुरतं का राहिलं नाही, यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चांमध्ये) जुना वाद आहे. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने मांडलं की मूळ पापाचा, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापाचा, दोषही वारशाने येतो. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणते, मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो, दोष ज्याचा त्याचा. ज्याने वावरातला कुंदा, म्हणजे ते चिवट तण, खणून काढलाय त्याला हा वाद फार लांबचा वाटणार नाही. वरून कापलेला कुंदा मुळापासून पुन्हा फुटतो. तो पेरला कोणी हे विचारत बसण्यात मात्र फारसं हशील नाही.

(दृश्य: अळीने पोखरलेलं कपाशीचं बोंड, जवळून.)

इथे एक गल्लत होते आणि ती क्रूर असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली. कोणाचं पीक गेलं, कोणाच्या घरी अपंग मूल जन्मलं, की कुजबुज सुरू होते: 'काहीतरी केलं असेल.' येशूला हा प्रश्न नेमका विचारला गेला होता. जन्मांध माणसाबद्दल शिष्य म्हणाले, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर आलं, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने सांगितलं की ती यरुशलेमातल्या इतरांहून जास्त अपराधी नव्हती. पापाला परिणाम असतो. पण प्रत्येक दुःखावरून उलट हिशोब करत कोणाच्या पापापर्यंत जाता येत नाही. मयताच्या घरी असं बोलणाऱ्याला पाळकाने तिथेच थांबवायला हवं.

(दृश्य: जळालेल्या धुऱ्याची काळी रेघ. पलीकडे गंजी.)

केलेल्या नुकसानीबाबत मात्र शास्त्र आकड्यांत बोलतं. 'निर्गम' या पुस्तकाचा २२वा अध्याय एखाद्या पंचनाम्यासारखा वाचता येतो. ढोरं दुसऱ्याच्या वावरात चरली, तर भरपाई आपल्या शेतातल्या उत्तम पिकातून, पाखडून उरलेल्या मालातून चालणार नाही. काट्यांना लागलेल्या आगीत शेजाऱ्याची गंजी किंवा उभं पीक जळालं, तर आग पेटवणाऱ्याने भरून द्यावं. 'वारा फिरला' ही सबब तिथे नाही. चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. कापलं किंवा विकलं असेल तर मेंढराचे चौपट, बैलाचे पाचपट. बैलाला एक पट जास्त का, यावर ज्यू पंडितांचं एक उत्तर आहे: मालकाचं काम बुडालं. ऐन पेरणीत बैल गेलेल्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

फसवणारा स्वतःहून कबूल झाला, तर 'लेवीय' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे मूळ माल आणि वर पाचवा हिस्सा. पाच क्विंटल तुरीला काटा मारला असेल, तर सहा क्विंटल परत. आधी मालकाला द्यायचं, मग वेदीवर अर्पण. मालक मेला आणि जवळचा वारसही नाही? 'गणना' या पुस्तकाचा पाचवा अध्याय सांगतो: ती रक्कम याजकाकडे जाते. बुडवणाऱ्याकडे ती कुठल्याच वाटेने राहत नाही. मजुरीचं तर आणखी कडक. रोजंदाराचा चुकारा सकाळपर्यंतही घरात ठेवायचा नाही.

आता दावीद राजा. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडाशी उभं करून मारवलं. नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, ती श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकून न्याय देतो: चौपट भरावं. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. राजाला कायदा पाठ होता, आकडाही बरोबर होता. पण उरीया चौपट कसा परत करणार? दावीद कबूल होतो, त्याला क्षमाही मिळते. तरी बाळ मरतं, पुढे घरात रक्त सांडत राहतं.

न फिटणाऱ्या या बाकीपाशीच ख्रिस्ती श्रद्धा क्रूसाकडे वळते: जे माणसाला भरता येईना ते ख्रिस्ताने भरलं. प्रेषित पौल लिहितो, पापाचं वेतन मरण आहे. ग्रीकमधला तो शब्द शिपायाच्या पगाराचा. म्हणजे मरण हा चाकरीचा चुकारा, आणि त्याच ओळीत पुढे येणारं सार्वकालिक जीवन मात्र दान. मराठी प्रभूच्या प्रार्थनेतही 'आमची ऋणे आम्हांस सोड' असंच आहे. सातबाऱ्यावर बोजा असलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द निराळा वाजतो. मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चाकराचं कर्ज होतं दहा हजार 'तालांत' (त्या काळचं मोठं चलन), म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी. ते माफ झालं. बाहेर पडताच त्याने शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरला.

(दृश्य: रविवार. कौलारू प्रार्थनामंदिर, बाहेर चपला आणि सायकली.)

कॅथोलिक माणूस फादरकडे पापनिवेदन करतो. वर्षातून किमान एकदा, हा नियम १२१५चा. आधी मनाची तपासणी, मग पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली आणि शेवटी प्रायश्चित्त. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वखुशी. ऐकलेलं फादरने कोणालाही सांगायचं नाही. प्रोटेस्टंट मंडळीत कबुली थेट देवाकडे, बहुधा प्रभुभोजनाआधी सगळ्यांनी मिळून. भावाभावांतलं असेल तर पायऱ्या ठरलेल्या: आधी दोघांतच, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे.

बिघडतं ते मोघमपणात. 'आम्ही सारे पापी' म्हणायला सोपं जातं, 'मी तीन तास आत घेतले' म्हणताना घसा सुकतो. काही जण मंडळीपुढे आपल्या श्रद्धेची साक्ष देताना स्वतःपेक्षा दुसऱ्याचंच पाप जास्त सांगतात, कधी नावासकट. आणि सगळ्यांत नेहमीचं: 'देवाने माफ केलं' म्हणत धुरा जिथल्या तिथे. कॅथोलिक शिकवण इथे स्पष्ट आहे, चोरीचा माल परत करणं बंधनकारक. गुन्हा असेल तर कबुली दिल्याने पोलीस ठाणं टळत नाही.

(दृश्य: मोजणीची साखळी धुऱ्यावर पसरली जाते.)

यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट. हिशोब करून पाहा. अर्धी गेल्यावर उरलेल्या अर्ध्यातून चौपट द्यायचं, तर लुबाडलेला पैसा एकूण मालमत्तेच्या आठव्या हिश्श्याहून जास्त असून भागणार नाही. जास्त असेल तर घरही जाईल. ही गोष्ट सांगणाऱ्या लूकने ही बेरीज लिहिलेली नाही. येशूचं उत्तर मात्र लगेच पुढच्या ओळीत आहे, एकही नाणं हातचं सुटण्याआधी: आज या घराला तारण झालं.