जंगी पलटणीतले आबा
(निवेदन)

[दृश्य : काळी लोखंडी ट्रंक. कॅमेरा झाकणावर.]

ही फौजी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा, नाव, आणि खाली 'एक मराठा एल. आय.' अक्षरं आबांनी स्वतःच्या हातानं काढली आहेत. हुद्द्याच्या जागी रंग जाड झालाय, कारण शिपायाचा नाईक झाला तेव्हा जुनं पुसून नवं लिहिलं, आणि नाईकाचा हवालदार झाला तेव्हा पुन्हा तेच. नखानं खरवडत गेलं तर १९६३ सालापर्यंत पोचता येईल. पण आजी हात लावू देत नाही.

चीनचं युद्ध होऊन वर्ष उलटत होतं. फौज वाढवायची होती, मंगळवेढ्याकडच्या रानात पाऊस नव्हता, आणि आबांची छाती भरतीच्या मापात बसली. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि नेमणूक मिळाली जंगी पलटणीत. मराठा लाइट इन्फंट्रीची ही पहिली बटालियन, कंपनी सरकारच्या काळात, १७६८ साली उभी राहिलेली. हिरव्या-लाल तुऱ्याच्या टोपीतला आबांचा फोटो आमच्याकडे एकच आहे. त्यात ते डोळे मिटून उभे आहेत.

[दृश्य : घरगुती मोबाइल व्हिडिओ. अंगण. आबा, पाटा, मुसळ, स्वयंपाकघरातली तिवई.]

हा व्हिडिओ चुलतभावानं काढलाय. आबा मॉर्टर प्लाटूनमध्ये होते. मॉर्टर म्हणजे काय, हे नातवंडांना कळेना, म्हणून त्यांनी आजीचा पाटा उचलून अंगणात आणला.

बघा. पाटा म्हणजे बेसप्लेट. आधी जमीन उकरायची, प्लेट बसवायची, वर पाय देऊन दाबायची. मुसळ म्हणजे नळी. तिचं खालचं टोक प्लेटच्या खोबणीत अडकवायचं. तिवई म्हणजे बायपॉड, नळीला पुढून टेकू देणारा. मग नेम. बॉम्ब वरून, शेपटीकडून, नळीत सोडायचा. तळाशी पिन असते, तिच्यावर आदळला की उडतो. बॉम्ब सरळ जात नाही, उंच चढतो आणि पलीकडे पडतो. म्हणून मॉर्टरवाल्याला समोरचा शत्रू बहुतेक वेळा दिसतच नाही. त्याला दिसतं ते फक्त पुढच्या माणसानं ओरडून सांगितलेलं अंतर.

मागून येणारा आवाज आजीचा आहे. "पाट्याला टवका गेला तर बघा!"

तीन भाग, तीन माणसांच्या पाठीवर. आबांच्या वाट्याला बेसप्लेट. तिघांतलं हे सगळ्यात अवघड ओझं, असं आबांचं मत होतं. नळीवाल्यांचं मत वेगळं असणार.

[दृश्य : नकाशा. मेघालयातला तुरा, कमालपूर, ब्रह्मपुत्रा, जमालपूर, टांगाईल, ढाका.]

डिसेंबर १९७१. आबांची पलटण जिच्यात होती ती ९५ माउंटन ब्रिगेड गारो टेकड्यांच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली. कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला शरण आलं. पुढे जमालपूर, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर. तिथं ३१ बलुच रेजिमेंट पक्के मोर्चे बांधून बसली होती. समोरून नदी ओलांडणं म्हणजे त्यांच्या बंदुकांपुढे जाऊन उभं राहणं. म्हणून जंगी पलटण पश्चिमेकडून वळसा घालून गेली. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार कमांडिंग ऑफिसर होते. गावकऱ्यांनी होड्या दिल्या, बैलगाड्या दिल्या. नदी पार करून पलटण जमालपूरच्या मागे, टांगाईलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली.

आबा सांगायचे ते मातीबद्दल. सोलापूरची जमीन डिसेंबरात कडक असते, प्लेट हलत नाही. तिथली माती ओली. दोन-चार बॉम्ब टाकले की प्लेट धसायची आणि नेम बिघडायचा. मग गोणपाटात माती भरून खाली सारायची, पुन्हा नेम धरायचा. हे सांगताना त्यांच्या आवाजात जी तक्रार असे, ती शत्रूबद्दल बोलताना कधी आली नाही.

ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. पाकिस्तानी कर्नलनं उत्तर दिलं, आणि पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीनं त्याच रस्त्यानं बाहेर पडायचा प्रयत्न केला. सकाळी जमालपूर पडलं.

[दृश्य : आबांचे पाय, फौजी बूट.]

११ तारखेला टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले, ते सगळ्यांना माहीत आहे. उतरणारी २ पॅरा बटालियनही मूळची मराठ्यांचीच, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. पुंगलीच्या पुलावर वरून आलेले आणि जमिनीवरून आलेले एकमेकांना भेटले. पण वर्तमानपत्रांत गाजलेला तो आकाशभर छत्र्यांचा फोटो आग्र्याच्या सरावातला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? उडी मारणाऱ्यांना निदान जुना फोटो तरी मिळाला. पाठीवर लोखंड घेऊन नदी ओलांडणाऱ्यांचा फोटो आम्ही पुष्कळ शोधला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

[दृश्य : ट्रंकेतली आंतरदेशीय पत्रं. पूर्वी स्टार, संग्राम मेडल.]

ही पत्रं. पत्ता 'मार्फत ९९ ए.पी.ओ.' गाव नाही, राज्य नाही. आत 'सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, मनीऑर्डर पाठवली आहे.' प्रत्येक पत्रात तेच. आजीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे, तेही ओट्यावर, चार बायका बसलेल्या असताना. तिकडे फौजेत पत्र तपासलं जायचं ते वेगळंच. आजी म्हणते, "गुरुजींच्या तोंडून काय ऐकायचं होतं मला?"

[दृश्य : आजी, भाकरी थापताना.]

१९७२ चा दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यात विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली. त्या मिलोची भाकरी थापली की तुटायची, असं आजी सांगते. आजी खडी फोडायला जायची, धाकटी आत्या झाडाला बांधलेल्या झोळीत. आबा सुट्टीवर आले आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत कामावर गेले. मुकादम म्हणाला, तुम्ही सरकारी नोकर, हजेरीपटावर नाव घेता येणार नाही. आबांनी नाव मागितलंच नाही. आजीच्या ढिगावर बसले. सुट्टी संपेपर्यंत ढीग आजीच्याच नावावर मोजला गेला, आणि दुप्पट भरला.

[दृश्य : चादरीचा कारखाना. जकार्ड माग.]

१९८३ ला पेन्शन. गाव सोडून सोलापूरला आले, आणि अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात वॉचमन झाले. मागावर वर फिरणारी ती पुठ्ठ्याची कार्डं बघा. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. मोर, फुलं, नाव, सगळं त्या भोकांत आधी लिहिलेलं असतं. आबा पाळी संपल्यावरही इथे उभे राहायचे. मागवाले बहुतेक तेलुगू बोलणारे; दोन वर्षांत आबाही तेलुगूत भांडायला शिकले. सगळे त्यांना 'मिलिट्री मामा' म्हणत.

गुडघे गेले, एका कानानं ऐकू येईना, तीन मुलांपैकी एकाच्याही जन्माला ते घरी नव्हते.

[दृश्य : सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. बाराबंदीतले मानकरी, नंदीध्वज.]

संक्रांतीला नंदीध्वजांची, म्हणजे उंच, जड काठ्यांची मिरवणूक आबांनी कधी चुकवली नाही. बाकीचे लोक वर बघून हात जोडत, आबा उचलणाऱ्याच्या पायांकडे बघत. "ह्याचं पाऊल जड पडतंय, पुढच्या चौकात बदलायला पाहिजे." बहुतेक वेळा तसंच व्हायचं. होम मैदानावरच्या दारूकामाला मात्र ते थांबत नसत.

[दृश्य : बँक. आजी रांगेत.]

आबा गेल्यावर आजीला कुटुंब पेन्शन मिळते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. आजी म्हणते खडीनं झिजला, क्लार्क म्हणतो वयामुळे होतं. दोघांची थोडी वादावादी होते, मागची रांग खोळंबते. मग डोळ्याचं यंत्र आणतात, त्यात तिची ओळख पटते, आणि आजी क्लार्कला पुढच्या वर्षी ते यंत्र आधीच काढून ठेवायला सांगते.