अप्रमाणित म्हणजे खोटे नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. आज मला 'अप्रमाणित' या शब्दाविषयी बोलायचे आहे. 'मा' म्हणजे मोजणे, या धातूपासून 'प्रमाण' शब्द झाला. त्याचा अर्थ माप आणि पुढे पुरावा. अधिकार असलेल्या व्यक्तीने तपासून ज्याची खात्री दिली ते प्रमाणित, आणि ज्याला अशी खात्री अद्याप मिळालेली नाही ते अप्रमाणित. यातला 'अद्याप' कृपया लक्षात ठेवावा.

माझ्या आत्याने निवृत्तिवेतनाच्या अर्जाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली होती. मूळ दाखला हरवेल या भीतीने तिने तो घरीच ठेवला. काही दिवसांनी अर्ज परत आला. झेरॉक्सच्या कोपऱ्यात लाल शाईने एकच शब्द होता, 'अप्रमाणित'. आयुष्यभर रुग्णसेवा केलेली ती बाई तो कागद मांडीवर घेऊन संध्याकाळभर बसून राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "मला खोटी ठरवलं रे त्यांनी." दुसऱ्या दिवशी मी तिला मूळ दाखल्यासह घेऊन गेलो. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, ओळीवर बोट फिरवत जन्मतारखेपर्यंत सारे ताडून पाहिले आणि 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही केली. त्या झेरॉक्सवरचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त तिच्यामागची साक्ष. माझे तर स्पष्ट मत आहे की, कार्यालयांनी असा एकटा शब्द लिहून कागद परत पाठवूच नये. 'मूळ प्रतीशी पडताळणी बाकी' एवढे लिहायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून पुन्हा सांगतो, अप्रमाणित म्हणजे खोटे नव्हे. खोट्यासाठी 'बनावट' आहे, परवानगीवाचून केलेल्यासाठी 'अनधिकृत' आहे.

शेतकरी श्रोत्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे. 1966 च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलेले आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर प्रमाणीकरण यंत्रणेची निळी खूणचिठ्ठी असते; ज्या बियाण्याचे असे प्रमाणीकरण झालेले नाही, पण ज्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो, त्याला 'सत्यप्रत बियाणे' म्हणतात. आत्याच्या झेरॉक्सला प्रमाणित करणारा 'सत्यप्रत' हाच शब्द बियाण्याच्या पिशवीवर मात्र यंत्रणेच्या प्रमाणपत्राविना विकल्या जाणाऱ्या मालाची ओळख सांगतो, आणि तेथे लेबलावरच्या उगवणशक्तीच्या आकड्याची जबाबदारी उत्पादकावर असते.